मुराळी

गाडी घेतली ती माझ्या हट्टानं. श्रीराम, म्हणजे माझा नवरा, पूर्णेला रेल्वेत आहे आणि रुळावर न चालणाऱ्या कुठल्याही वाहनावर त्याचा विश्वास नाही. मी परभणीहून रोज सेलूला जाते, तिथल्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. एसटीत उभं राहून गुडघ्यांनी जवाब दिला, तेव्हा मी म्हटलं, आता बस झालं. नवी गाडी झेपणारी नव्हती. गंगाखेड रोडवर हरिओम नावाचा माणूस जुन्या गाड्यांचा धंदा करतो, त्याच्याकडं एक पांढरी, छोटी गाडी मला आवडली.

"एका हातची हाय मॅडम," बॉनेटवरून हात फिरवत तो म्हणाला. "कसम से, कुठं खरचटलं बी न्हाई. मालक पुण्याला गेला म्हणून आली, न्हाईतर अशी चीज बाजारात येतच न्हाई."

मी इंजिन पाहिलं, टायर पाहिले, चार शहाणे प्रश्न विचारले. आवडलेल्या गोष्टीत खोट काढायला माणूस जरा आळसच करतो. घरी आणल्यावर श्रीरामनं चाकांखाली लिंबं ठेवली. मी हसले, तर म्हणाला, "तुझ्या न्यूटनचं काय जायलंय?"

उन्हाळा गेला, आषाढ गेला. गाडी गुणाची निघाली. मग श्रावण लागला आणि एका सकाळी सेलूला जाताना पेडगाव फाट्यावर ती पहिल्यांदा वाजली. टिंग, टिंग, टिंग. समोर बेल्टचं लाल चित्र लागलं. शेजारच्या सीटवर वजन असेल आणि बेल्ट लावलेला नसेल तर ही घंटी होते, हे मला माहीत होतं. पण माझी पर्स आणि डबा मागं होता. शेजारी कोणी नव्हतं. मी सीटवर हात ठेवून पाहिला. कापड कोमट लागलं. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

घंटी वाजत राहिली. अशी घंटी थोड्या वेळानं आपोआप गप्प होते, ही झाली नाही. पुढं वालूरकडं जायचं वळण लागतं. ते मागं पडलं आणि ती थांबली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. फाट्यावर सुरू, वळणावर बंद. संध्याकाळी परत येताना चकार शब्द नाही. मी बारावीच्या पोरांना सांगत असते, आधी यंत्र तपासा, मग निसर्गाला दोष द्या. तेव्हा अंगणात गाडी चालू ठेवून सीटवर कांद्यांची पिशवी ठेवली. वाजली. उचलली. थांबली. म्हणजे यंत्रात काही बिघाड नव्हता, आणि नेमकं हेच मला आवडलं नाही.

रविवारी सीटखालची वायर बघायला मी गुडघ्यांवर बसले. वायर ठीक होती. सीट ज्या पट्टीवरून सरकते तिथं ज्वारीची एक लाही अडकली होती, नुकतीच फुटल्यासारखी पांढरी. मी ती बोटांवर घेतली आणि वर बघितलं, तेव्हा कळलं की डावीकडचा बेल्ट उजवीकडच्यापेक्षा नवा आहे. मग मी एकेक बघत गेले. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची बारीक खूण असते. सगळ्या काचा एका वर्षाच्या होत्या, डाव्या दाराची तेवढी नंतरची. दाराचं रबर ओढलं, तर आत खांबावर वेल्डिंगचा जाड वळ, वर घाईनं मारलेला पांढरा रंग. दार बदललेलं, खांब जोडलेला, बेल्ट नवा. या गाडीची डावी बाजू एकदा पार चेपून आत आली होती.

माझं डोकं फिरलं. फसवलं गेल्याचा राग वेगळाच असतो, त्यात निम्मा स्वतःवरचा असतो. तशीच गाडी काढून हरिओमकडं गेले आणि रबर ओढून त्याला तो वळ दाखवला.

तो वाद घालील असं वाटलं होतं. त्यानं नुसतं विचारलं, "वाजायली का?"

"काय?"

"काई न्हाई." तो गाडीपासून दोन पावलं मागं सरकला. "लागली व्हती मॅडम. डावीकडून. ट्रकनं."

"कुठं खरचटलं नाही म्हणाला होतात."

"म्हणलं असंल. धंद्यात म्हणावं लागतंय." मग त्यानं सगळं सांगितलं. गाडी पेडगावच्या नागनाथची. दोन वर्षांखाली पंचमीच्या आधी तो चालवत होता आणि त्याचे वडील गोविंदराव पुढं बसले होते. लेक वालूरला दिलेली, तिला आणायला निघाले होते. "त्या वळणावरच झालं. म्हातारबा जाग्यावर गेले. पोराला कायबी झालं न्हाई, पण त्याला त्येच सोसलं न्हाई. गाडी माज्याकडं टाकून पुण्याला गेला, पुन्ना गावात आला न्हाई." तो रस्त्याकडं बघत होता. "मी परत घेतो मॅडम. फक्त पंचमी होऊ द्या."

"आत्ता का नाही?"

"मागच्या श्रावणात इथंच उभी व्हती. बॅटरी काढून ठिवल्याली, तरीबी..." तो वळला. "चहा घेता का?"

रात्री श्रीराम म्हणाला, "देऊन टाक. पंचमी झाल्याबरोबर." मी हो म्हटलं. पण झोप लागेना, आणि ती भीतीनं नव्हे. आमच्याकडं सासरी असलेल्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो, बाप असो की भाऊ, त्याला मुराळी म्हणतात. माझे मुराळी आप्पा होते. जिंतूरहून एसटीनं यायचे, पांढरी टोपी, हातात छत्री. हाक मारायचे नाहीत, फाटकाला छत्री अडकवून उभे राहायचे. लेकीच्या घरचं पाणी नको, म्हणून मी आवरेपर्यंत घोटभर प्यायचे नाहीत. मी चिडायचे, कोणत्या जमान्यात राहता म्हणून. आता आप्पा नाहीत, आई तर त्यांच्या आधीच गेली. भाऊ मला नाही. जिंतूरच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. श्रीराम दरवर्षी म्हणतो, "चल, मी नेतो ना तुला." त्याला कसं सांगू? जाता येत नाही याचं दुःख नाही, कोणी न्यायला येत नाही याचं आहे. पंचमी आली की आजही माझे कान फाटकाकडं असतात.

आणि इथं एक बाप रोज सकाळी माझ्या शेजारी बसत होता आणि वळणापाशी उतरून जात होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी कॉलेजला सुट्टी टाकली आणि पेडगाव फाट्यावर गाडी उभी केली. मी स्वतःलाच चार शब्द सुनावले. मग उतरून डावीकडचं दार उघडलं, थोडी थांबले, लावलं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं हे बरं झालं. गाडी चालू केली.

टिंग, टिंग, टिंग.

भाजलेल्या ज्वारीचा वास आला, लाह्या करताना घरभर होतो तसा. त्यात चुना-तंबाखूचा वास मिसळलेला. मी काच खाली केली नाही.

वळण आलं. इतके दिवस मी सरळ जात होते, आज वालूरकडं वळले. घंटी थांबली नाही. दोन्हीकडं सोयाबीन गुडघ्याएवढं आलं होतं, लिंबाला झोके बांधलेले होते, पोरी उभ्यानं झोके घेत होत्या. मी शेजारी बघायचं टाळलं. वालूर मोठं गाव आहे. एका बाईला विचारलं, "पेडगावच्या गोविंदरावांची लेक कुठं दिलीय?"

"पंचफुला? त्या मारुतीच्या मागं. का वो, कुणी आलंय का न्यायाला?"

"हो," मी म्हणाले.

पंचफुला दारात उभी होती. माझ्याहून लहान, हिरव्या नव्या बांगड्या, अंगावर ठेवणीतलं लुगडं, पायाशी भरलेली पिशवी. तिला कोणी कळवलं नव्हतं. मी कोण हेही तिनं विचारलं नाही. ती डावीकडच्या काचेशी आली आणि वाकली.

"लय येळ लावला," ती काचेला म्हणाली.

मी पुढचं दार उघडायला हात केला.

"न्हाई. मी मागं बसते."

ती बसली. घंटी वाजतच होती. तिनं पुढं झुकून रिकाम्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "आण्णा, बेल्ट लावा की." मग मला म्हणाली, "गळ्याला फास लागल्यावानी वाटतंय म्हणायचे. नागनाथदादा बोलून बोलून थकायचा. लावला असता तर..." तिचा आवाज फुटला. "आता तरी लावा, आण्णा."

घंटी थांबली.

बेल्ट तसाच लोंबत होता.

मी गाडी पेडगावच्या रस्त्याला घेतली. मग मी विचारलं, "दोन वर्षं तुम्ही बसनं का नाही गेलात? एवढंसं अंतर."

"आण्णा 'मी येतो' म्हणले व्हते. बापानं येतो म्हणल्यावर आपलं आपण कसं जायाचं?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमचे मुराळी कोण हायेत, बाई?"

"वडील होते. आता कोणी नाही."

"नाव काय त्यांचं?"

"गोपाळ मास्तर. जिंतूरचे."

ती पुन्हा पुढं झुकली. शेजारच्या गावी निघालेल्या माणसाजवळ निरोप द्यावा तशी म्हणाली, "आण्णा, ऐकलं न्हवं? जिंतूरचे गोपाळ मास्तर. तिकडं कुठं भेटले तर सांगा, लेक वाट बघायली म्हणून."

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला आशा वाटली, आणि त्या आशेचीच मला त्या सीटपेक्षा जास्त भीती वाटली.

पेडगावात गोविंदरावांच्या पत्नी, सुमनबाई, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला. दोघी गळ्यात पडून रडल्या. मग सुमनबाईंनी दुसरा तुकडा मोडला, डावीकडच्या दाराशी आल्या, तिथंही ओवाळला आणि लांब फेकला. पाणी ओतलं.

मी गाडीत बसले होते म्हणून मला जाणवलं. जड माणूस उतरल्यावर होते तशी गाडी डावीकडून किंचित वर आली.

त्यानंतर ती वाजली नाही. हरिओमचे दोन फोन आले, मी गाडी परत केली नाही. श्रीराम म्हणाला, "वाजत न्हाई ना आता? मग ऱ्हाऊ दे." पेडगाव फाटा रोज यायचा आणि जायचा. शेजारची सीट नुसती सीट होती. मला चुकल्यासारखं व्हायचं. कधी कधी फाट्यावर मी उगाच वेग कमी करायचे.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी श्रीराम ड्युटीवर गेल्यावर मी पिशवी भरली. दोन साड्या, टॉवेल, तेलाची बाटली. कशासाठी, ते स्वतःलाही विचारलं नाही. व्हरांड्यात बसले. फाटकाकडं बघायचं नाही असं ठरवून फाटकाकडंच बघत राहिले. भाजीवाली गेली, कुरिअरवाला शेजाऱ्यांकडं आला. ऊन पायरीवर आलं आणि अंगणात सरकलं.

कोणी आलं नाही.

मला हसू आलं आणि डोळेही भरले. फिजिक्सची बाई, पिशवी भरून बसली आहे. निदान मंडईत जाऊन दुर्वा-आघाडा तरी आणावा म्हणून उठले. पिशवी सवयीनं हातातच राहिली. ती मागच्या सीटवर टाकली, पुढं बसले, चावी फिरवली.

टिंग, टिंग, टिंग.

फाटकाच्या आत. आमच्या अंगणात.

चुना-तंबाखूचा वास नव्हता. आप्पांना कसलंच व्यसन नव्हतं. ओल्या छत्रीचा वास होता. बाहेर कडक ऊन पडलेलं होतं.

मी समोर बघत म्हणाले, "आप्पा, बेल्ट लावा."

घंटी वाजतच राहिली.

पुन्हा म्हणाले. थांबेना. मग माझ्या लक्षात आलं. आप्पा जन्मभर एसटीनं फिरले. असल्या गाडीत ते कधी बसलेच नव्हते. बेल्ट कसा लावायचा, त्यांना कोण सांगणार?

मी वाकून डावीकडचा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा आणला आणि कडीत बसवला.

घंटी थांबली.

मी हात सोडला. स्प्रिंगनं पट्टा मागं ओढला जातो आणि सीटच्या पाठीला चिकटतो, हे मी हजारदा पाहिलं आहे. तो मागं ओढला गेला, ताणला, आणि मधेच थांबला. सीटला टेकला नाही.