दोन नोंदींमधला मिहिर

मिरजेत आता संध्याकाळी कुठल्याही गल्लीतून जा, गेलेल्या माणसांच्या गप्पा ऐकू येतात. कुणाचे आजोबा तावातावाने राजकारण सांगत असतात, कुणाच्या सासूबाई सुनेची फोडणी कुठे चुकली ते. लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं आहे. माणूस गेला, की त्याच्या मेंदूतली स्मृतिधारा, म्हणजे आयुष्यभरात अनुभवलेलं सगळं, उतरवून घेतात आणि स्मृतिकोशात भरतात. मग उजेडाचा बनलेला तो माणूस घरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि विचारलं की उत्तर देतो.

ऋतुजाकाकू कवठेकर मात्र आपला नवरा परत करायला निघाल्या होत्या.

"फार बोलतो हो," स्मृतिकोश केंद्रातल्या डॉ. अनीस मुजावरांना त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "काकू, लोक उलट तक्रार घेऊन येतात."

"येऊ देत. मिहिर धरणावर पाण्याची पातळी बघायचा. घरी आला तरी चार वाक्यं बोलला तर खूप. संध्याकाळी मी पावटे सोलायला बसले की समोर येऊन बसायचा आणि कोवळ्या शेंगा माझ्याकडे सरकवायचा. कुणी तोंड उघडायचं नाही. आमच्या संसारातलं तेच मला सगळ्यात आवडायचं. आणि तुमचा हा मिहिर मला विचारतो, कुठले पावटे?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. आता समजावून सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"धारा सलग असते, काकू. तशीच ठेवली तर तिच्यात काही शोधता येत नाही. म्हणून एकेका प्रसंगाची एकेक नोंद करतो. नोंदीत पाच रकाने असतात: दिसलेलं, ऐकलेलं, वास, स्पर्श आणि मनात आलेलं. एक नोंद संपून दुसरी कुठे सुरू झाली, हे यंत्राला कळावं म्हणून मध्ये दुभाजक लागतो. ज्यात सांगण्यासारखं काहीच नाही, असंच काहीतरी दुभाजक म्हणून निवडायचं असतं. आम्ही शांतता निवडली. माणसं गप्प झाली, की प्रसंग संपला."

"आणि त्या शांततेचं काय करता?"

"पापडांच्या चवडीत आपण मध्ये कागद घालतो ना? तळताना कागद कुणी तळत..." डॉक्टर मध्येच थांबले.

"म्हणजे माझा नवरा तुम्ही कागदाबरोबर फेकून दिलात."

डॉक्टर ओशाळले. "चाचणी आमच्याच घरातल्या गेलेल्या माणसांच्या धारांवर घेतली होती. आमच्याकडे जेवतानासुद्धा कुणी गप्प बसत नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

काकूंना रडू फुटेल असं वाटत होतं, पण त्या हट्टाला पेटल्या. "मग दुभाजक बदला."

"झोप घेता येईल. पण मग एकेक नोंद अख्ख्या दिवसाची होईल. एवढ्या मोठ्या नोंदीतून उत्तर शोधून द्यायला यंत्राला जमत नाही. तो त्याचे जुने दिवस तुमच्यासमोर जसेच्या तसे जगेल. तुम्ही बोललेलं त्याला ऐकू जाणार नाही, तुम्ही समोर आहात हेही कळणार नाही. एरवी आम्ही मनाचा रकाना बंद ठेवतो, पण एवढ्या मोठ्या नोंदीत तो वेगळा काढता येत नाही, तोही मग हळू आवाजात ऐकू येईल. आणि मूळ धारा झिजत आली आहे, आता एकदाच भरता येईल. परत फिरता येणार नाही."

"त्याच्या मनातलं मला का नवीन आहे?" काकू म्हणाल्या. "भरा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी पावट्याच्या शेंगा पुढ्यात घेतल्या. समोर मिहिर बसला होता. मान खाली, हात सोलण्यात गुंतलेले. त्याच्या हातातल्या शेंगा मात्र दिसत नव्हत्या. तो काही बोलत नव्हता. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. काकूंचे डोळे भरून आले आणि सुखाने त्यांनी एक शेंग मोडली.

तेवढ्यात हळू आवाज आला. मिहिरचे ओठ हलले नव्हते.

'आज तरी ही काही बोलेल.'

काकूंचा हात थांबला. मग पुन्हा:

'दिवसभर धरणावर एकटाच. वाटलं होतं, घरी आल्यावर तरी... मीच विषय काढू का? नको. हिला शांत बसायला आवडतं. राहू दे.'

"अरे, मला वाटलं तुलाच..." काकू पुढे झुकल्या. "बोल ना, मिहिर. मी ऐकते आहे. मीच बोलते, थांब. पावटे कोवळे आहेत बघ आज. शेजारच्या गच्चीवर..."

मिहिरने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि न दिसणारी एक कोवळी शेंग त्यांच्या दिशेने सरकवली.

'आज तरी,' तो आवाज म्हणाला.

आता त्या घरातूनही रोज संध्याकाळी बोलणं ऐकू येतं. चला, काकूंना सोबत मिळाली एकदाची, असं शेजारी म्हणतात. आवाज एकट्या काकूंचाच असतो.