लित्रेसाहेब

हसू नका, घडलं तसं सांगतो. ओल्मुएच्या टेकडीवरून पेउमोचं रोप आणायचं, एवढंच काम होतं. सुनिल्दाकाकूंना परसात आपल्याच मातीतलं, बारमाही हिरवं झाड हवं होतं. अबेलिनोकाका वारल्यापासून तिथली त्यांच्या खुर्चीची जागा ओकीबोकी दिसायची.

"झाड जगवलंस, तर मिरेयाचं बघू," काकू म्हणाल्या.

मिरेया त्यांची मुलगी. तिला मागणी घालायला मी पूर्वी काकांकडे कितीदा तरी गेलो होतो. करवतीत एक बोट गेलेला उजवा हात कानामागे धरून ते म्हणायचे, "मोठ्याने बोल रे पोरा!" आणि मी घरी परतायचो.

झाड जगलं. पण पेउमो नव्हे, लित्रे निघालं. लित्रेला शिवलं की अंगावर पुरळ उठतं. म्हणून आमच्याकडे आधी टोपी काढून त्याला उलटा नमस्कार करतात. सकाळी 'शुभ संध्याकाळ', संध्याकाळी 'सुप्रभात'. काकूंनी नमस्कार न करताच फांदी छाटली आणि तोंडाचा भोपळा करून घेतला.

"उद्या तोडून टाक ते. आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस."

"काकू, नुसता नमस्कार केला असतात तर..."

"नवऱ्याला कधी केला नाही, झाडाला करू?"

दिवेलागणीला मी एकटाच परसात गेलो. वारा पडला होता. कुत्रीसुद्धा गप्प होती. पानांतून तंबाखूचा वास येत होता... काकांच्या तंबाखूचा. मी टोपी काढली.

"सुप्रभात, लित्रेसाहेब..."

पान हललं नाही. पण आत कुणीतरी खाकरलं.

"मोठ्याने बोल रे पोरा!"

पळता येईना, म्हणून ओरडलो, "मला मिरेयाशी लग्न करायचंय!"

शेजारच्या कोंबड्या फडफडल्या. खिडकीत मिरेया तोंड दाबून हसत होती. दारात काकू, सुजलेल्या तोंडाने पांढऱ्याफटक.

"हा... आवाज..." त्या पुटपुटल्या. मग जन्मात पहिल्यांदा मान लववून म्हणाल्या, "सुप्रभात, अबेलिनो. देते पोरगी. आता गप्प बसा."

झाड राहिलं. लग्न ठरलं.

त्या संध्याकाळी मी झाडाला हातही लावला नव्हता, आईशपथ. तरी सकाळी उजवा हात खाजत होता. कुणीतरी घट्ट हात मिळवावा, तसं लाल पुरळ उठलं होतं. बोटांचे वळ मोजले.

अंगठा धरून चारच.