भरउन्हातली ओली भिंत

"कुत्र्यांची सभा भरली म्हणून लिहून टाक," पीयूष म्हणाला. "आज दुसरी बातमी कुठं हाय?"

वेदश्रीनं कोळसा खाली केला आणि भिंतीच्या पायथ्याशी पाहिलं. मे महिन्याचं ऊन सकाळीच चटके देत होतं, आणि गावातली झाडून सारी कुत्री भिंतीला पाठ लावून पसरली होती. पलीकडे कडुलिंबाची दाट सावली होती. तिथं मात्र एकही कुत्रं नव्हतं.

सालईखेड हे आष्टीच्या बाजूचं लहानसं गाव, आणि ही भिंत म्हणजे गावाचं वर्तमानपत्र. बेचाळीस साली लोकांनी इथं कोळशानं चळवळीच्या बातम्या लिहिल्या. पोलीस यायचे, चुना फासून जायचे, आणि सकाळी बातमी पुन्हा हजर! इंग्रज गेले, पण भिंत लिहितीच राहिली. बातमीखाली आपलं नाव घालायचं, आणि दिवस मावळेपर्यंत ती कोणी पुसायची नाही, हा नियम. बातमी खोटी निघाली तर त्या माणसानं जन्मात पुन्हा कोळसा धरायचा नाही. मोबाइलवर वाट्टेल त्या थापा पुढे ढकलणारी माणसंही या भिंतीपुढे जपून असत. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोळसा पोरांच्या हाती येई. यंदा तो तेरा वर्षांच्या वेदश्रीकडे होता, आणि ती त्याला जिवापाड जपत होती.

इतक्यात उपसरपंच कृष्णकांतकाकांची मोटारसायकल येऊन थांबली. काका खुशीत होते. त्यांनी सांगितलं, की भिंत पार खचली आहे, पायथ्याशी ओल आली आहे, उद्या इंजिनीअर साहेब येऊन पाहणार आणि लगेच जेसीबी लागणार. मग या जागी टाइल्सची मोठी कमान उभी राहील, वर काकांच्या वडिलांचं नाव.

"पण काका, ही भिंत बेचाळीसची हाय," वेदश्री म्हणाली.

"म्हणूनच पडून राह्यली ना बाई ती. तुमी आंबे खा, पोहायले जा. मोठ्यांच्या कामात कायले नाक खुपसता?"

काका निघून गेले. वेदश्रीच्या मनात आलं, भिंत गेली तर सालईखेडच्या बातम्या काय कमानीच्या चकचकीत टाइल्सवर लिहायच्या? तिथं कोळसा तरी उठेल का?

दुपारी गाव कूलरपुढे घोरत पडलं, तेव्हा ती वर्गातल्या पीयूषला आणि शेजारच्या लहानग्या आचलला घेऊन परत आली. कुत्री होती तिथंच होती. आचलनं एकाला बाजूला सारून मातीत बोट घातलं आणि ती चकित झाली. "थंड हाय गं! चिखल हाय पुरा!"

आता गोष्ट विचार करण्यासारखी होती. गावच्या नळाला एक दिवसाआड पाणी येई, आणि या आठवड्यात तर तेही करंगळीएवढं. विहिरी तळाला गेलेल्या. आणि या भिंतीच्या मुळाशी चिखल! भिंतीमागे कृष्णकांतकाकांचं खताचं गोदाम होतं, आवाराला कुलूप. आचल म्हणजे नुसती खार. ती सरसर कडुलिंबावर चढली आणि वरूनच एकेक सांगू लागली: भिंतीलगत हिरवंगार गवत, त्यात रिकामी पोती अंथरलेली, आणि पोत्यांखालून निघालेला काळा पाइप थेट गावच्या टाकीकडे गेलेला.

"भिंत खचली नाई," पीयूष हळूच म्हणाला. "खचवून राह्यले."

वेदश्रीनं तिथल्या तिथं कोळसा उचलला. 'या भिंतीत पाणी कोणी सोडलं?' तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली नाव घातलं.

संध्याकाळी, सूर्य अजून चांगला हातभर वर असताना, तिथं ओला चुना चमकत होता. बातमी गायब होती. काकांना बादली घेऊन जाताना आचलनं पाहिलं होतं.

वेदश्रीला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. पारावर बसलेले नानाजी काठी टेकत आले. गावातलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांनी चुन्यावरून बोट फिरवलं.

"दिवस मावळायच्या आधी चुना गोऱ्याच्या पोलिसायनं लावला होता," ते म्हणाले. "त्याच्यानंतर आजच."

घरी बाबांनी, म्हणजे मनोहररावांनी, सगळं नीट ऐकून घेतलं. ते तहसील कचेरीत कारकून, फार सांभाळून बोलणारे. त्यांचं म्हणणं असं पडलं की पोरांनी झाडावरून पाहिलेलं कोण मानणार? बोभाटा झाला की पाइप तासाभरात उचलला जाईल आणि पोरगी खोटी ठरेल. कोळसाही जाईल आणि भिंतही.

"म्हणजे गप्प बसू?"

बाबा लिही म्हणाले नाहीत. पण त्यांनी तिला नकोही म्हटलं नाही, हे वेदश्रीनं बरोबर ध्यानात ठेवलं.

रात्रभर तिचं डोकं चालू राहिलं. साहेबांना ओल दाखवायची तर काकांना उद्या सकाळीही पाणी सोडावंच लागणार. पाणी चालू असताना गाव तिथं पोचलं पाहिजे. आणि मे महिन्यात सालईखेडला घराबाहेर काढायला एकच शब्द पुरतो.

उजाडताच तिनं आचलला झाडावर चढवून खात्री करून घेतली. पाइप वाहत होता. मग तिनं कालच्या चुन्यावर, अगदी त्याच जागी, लिहिलं: 'पाणी आलं. या भिंतीमागे. गुंड-कळशा घेऊन या. – वेदश्री'

पीयूषचा आवाज मोठा, एरवी शाळेत त्याचा फार त्रास होई. आज तो गल्लीगल्लीतून बातमी ओरडत सुटला. बघता बघता बाया गुंड, कळशा, बादल्या घेऊन गोदामाच्या फाटकाशी लोटल्या. सगळ्यात पुढे रंभाकाकू. त्यांची वांगी-पालकाची वाडी पाण्यावाचून करपत होती आणि आठवडाभराचा राग डोक्यात होता.

नेमकी त्याच वेळी इंजिनीअर साहेबांची जीप आली, मागे कृष्णकांतकाका. गर्दी पाहून काकांचा चेहरा उतरला. गोदामात कुठलं पाणी, पोरगी खोटं लिहिते, असं ते हसत हसत सांगू लागले.

"मंग उघडा फाटक," रंभाकाकू म्हणाल्या. "पाणी नसंल तर पोरीचा कोळसा जाईन. तिनं नाव घातलं हाय खाली. तुमी काऊन घाबरता?"

आत्ता, या क्षणी, कुणी तिकडून पाइप ओढून काढला असेल तर? पण वेदश्री फाटकापुढून हलली नाही.

किल्ली घरी राहिल्याचं काकांनी सांगून पाहिलं. पण साहेब म्हणाले, भिंत दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय मी काही लिहून देत नसतो, आणि किल्ली काकांच्या खिशातच निघाली.

फाटक उघडलं. पोती बाजूला झाली. पाइप खळखळ वाहत होता. बायांनी भांडण नंतरसाठी ठेवलं आणि आधी गुंड लावले. साहेबांनी भिंतीच्या दगडांवर हात आपटून पाहिले, मान हलवली.

"ही शंभर वर्षं उभी राहील," ते म्हणाले. "पाणी तेवढं बंद करा. कमानीला दुसरी जागा शोधा."

तेवढ्यात पुढच्या बाजूनं आचलची हाक आली. कालचा चुना ओल्या भिंतीला धरत नव्हता. त्याचा मोठा पापुद्रा सुटला होता आणि सोबत खालचे जुने थरही घेऊन आला होता. आत काळी, फिकट अक्षरं होती. सारं गाव मागे उभं राहिलं आणि वेदश्रीनं वाचलं:

'पुसा खुशाल. पुन्हा लिहू. – जयवंता'

गावात आजवर सगळे म्हणत आले होते, की बातम्या लिहिणारे बाप्ये होते. नानाजींनी त्या नावापाशी हात नेला आणि तसाच थांबवला.

"माही मोठी बहीण," ते म्हणाले. "घरात कोणालेच सांगतलं नाई तिनं. तवा एवढीशीच होती, ह्या पोरीएवढी."

मग नानाजींनी कोळशाचा तुकडा उचलला आणि आधी कृष्णकांतकाकांपुढे धरला. काकांनी आजूबाजूला पाहिलं. पळायला वाट नव्हती, सगळीकडे भरलेले गुंड होते. त्यांनी खाली मान घालून एका कोपऱ्यात लिहिलं: 'पाणी मी सोडलं.' आचलनं नाव राहिल्याची आठवण करून दिली, तेव्हा नावही लिहिलं.

"आता हा कोळसा खाली ठेवा तुमी, काका," पीयूष म्हणाला. "तुमाले पुन्हा लागणार नाई."

गाव हसलं. मनोहरराव गर्दीतून पुढे आले, आणि एरवी सांभाळून बोलणारा तो माणूस सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, की माझ्या पोरीनं मला आज उघड बोलायला शिकवलं. नानाजींनी वेदश्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा, नवा कोळसा तिच्या हाती दिला.

"लिही बाई. आजची बातमी बाकी हाय."

तिनं जयवंताच्या अक्षरांना धक्का न लावता, त्यांच्या बरोबर खाली लिहिलं: 'भिंत उभी आहे.' मग त्याखाली आपलं नाव घातलं.