मिनिटाला अठ्ठावीस

"डॉक्टर आहेत का?" असं विचारत तो माझ्या स्टुडिओत शिरला, गालावर रुमाल दाबून. दातांचा दवाखाना शेजारच्या दारात आहे. चुकून माझ्याकडे येणारा तो काही पहिला नव्हता. पण सुजलेल्या गालातूनही असा आवाज... मी हेडफोन काढून बघतच राहिले.

"डॉक्टर शेजारी," मी म्हटलं. "दाढ काढून झाली की मात्र परत या. मला एक कादंबरी वाचून हवी आहे."

"मोठ्याने?"

"मनातल्या मनात वाचायला तुम्हाला कशाला बोलावू?"

आठ दिवसांनी तो खरंच आला. शाळेत भूगोल शिकवायचा, आणि शाळा सुटली की माझ्याकडे. मी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. मी त्याला 'दाढसाहेब' म्हणायला लागले आणि तो मला 'पुन्हा एकदा', कारण सारखं माझ्या तोंडी तेच असे.

आमच्या कामात एक रीत आहे. वाचनाआधी एक मिनिट कुणी काही बोलायचं नाही. खोलीची नुसती शांतता मुद्रित करायची. पुढे दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागते. ते मिनिटभर तो काचेपलीकडे, मी अलीकडे... दुसरं बघायला तरी काय होतं? आधी तो छताकडे बघायचा. मग माझ्याकडे. मग मीच छताकडे बघायला लागले. खरं सांगते, अख्खा दिवस मी त्या एका मिनिटाची वाट बघायचे.

आणि त्यातच मी घोळ घातला.

सोमवारी शांततेत कुरकुर ऐकू आली. अगदी बारीक, कानाजवळ केस चोळल्यासारखी. मी वायर बदलली. मंगळवारी पुन्हा कुरकुर, पुन्हा नवी वायर. तो खोकत होता, पण "पोरांनी वर्गातून दिलेली भेट" म्हणत हसण्यावारी नेत होता. आणि मी? त्याचा खोकला, त्याची धाप, सगळं कापून वाचन गुळगुळीत करत होते. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली!

बुधवारी तो काचेपलीकडे पाणी पीत होता, तेव्हा मी नुकतीच मुद्रित केलेली शांतता लावून ऐकली. कुरकुर यायची, थांबायची. यायची, थांबायची... तो श्वास आत घेई तेव्हाच यायची. वायरीचा काय संबंध! मी त्या मिनिटातले श्वास मोजले. अठ्ठावीस — नुसत्या बसलेल्या माणसाचे. माझे मोजले, तर चौदा भरले.

मी तडक आत गेले. "खोल श्वास घ्या."

"हे कुठल्या प्रकरणात आहे?"

"घ्या म्हणते ना!"

त्याने घेतला, आणि अर्ध्यातच उजव्या कुशीला हात दाबून धरला. मी त्याच्या कपाळाला हात लावला. चटकाच बसला.

"कधीपासून आहे हे?"

"चार दिवस... गोळी घेतली की उतरतो ताप. दोनच पानं राहिलीत, तेवढी—"

"पानं गेली खड्ड्यात! ऊठ आधी. तुला काही झालं तर मी..."

आपण त्याला 'तू' म्हटलं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाठ ठोकून पाहिली, नळी लावून ऐकलं, बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन त्र्याण्णव. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा डाग.

"न्यूमोनिया," त्या म्हणाल्या. "वेळेवर आलात, घरी सात दिवस गोळ्यांवर भागेल असं वाटतंय. दोन दिवसांनी दाखवायला या. पण त्याआधी धाप वाढली, ओठ निळे पडले किंवा असंबद्ध बोलायला लागले, तर थेट हॉस्पिटल."

"असंबद्ध तर हे एरवीही बोलतात," माझ्या तोंडून निघून गेलं. तो हसला, आणि हसता हसता कळवळला.

पुढचे दोन दिवस जीव टांगणीला. त्याची आई मला फोनवर ताप कळवायची. "एकशे दोन गं..." "एकशे एक आहे." दोन दिवसांनी दाखवलं तेव्हा ऑक्सिजन पंचाण्णवावर आला होता. आणि तिसऱ्या सकाळी, "उतरला गं बाई, उतरला!" मी भर रस्त्यात डोळे पुसले. तेवढ्यात त्याने फोन घेतला.

"'पुन्हा एकदा', आता गोळ्या बंद करतो. ताप गेला."

"ताप गेला, आजार नाही गेला! सात दिवस म्हणजे सात दिवस. काकूंना फोन दे... काकू, तुमच्यासमोर गिळायला लावा."

"लावते की," काकू म्हणाल्या. "माझं कुठे ऐकतो तो? तुझं नाव घेतलं की मुकाट गिळतो."

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा दवाखान्यात. "घ्या श्वास... सोडा. आणखी खोल." तो घेत होता आणि माझा अडकला होता. डॉक्टरीणबाई पाठीवर नळी सरकवत राहिल्या, सरकवतच राहिल्या.

"छाती मोकळी आहे. खोकला राहील थोडे दिवस, घाबरू नका."

मी त्याचा शर्ट उचलून त्याच्या हातात दिला.

"पण काय हो," त्या त्याच्यावर डाफरल्या, "एवढ्या तापात कामावर जायची काय घाई होती?"

तो शर्टाची बटणं लावता लावता थांबला. "रजा घेतली असती तर... ही दिसली नसती."

डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली. "मग लग्न करा! त्याला न्यूमोनिया कशाला व्हायला हवा?"

"ती हो म्हणेल का?" त्याने विचारलं त्यांना, बघत होता माझ्याकडे.

"मलाच विचार ना."

"करशील?"

"करीन," मी नाक पुसत म्हटलं. "आधी ती बटणं लाव. गार वारा आहे बाहेर."