कुणाच्या घड्याळातला परवा

सोमपेठेतल्या परवाना कार्यालयाचं दार उघडायला शरयू बेडेकरला सात वर्षं लागली. दार जड नव्हतं. चंद्रावर फारसं काही जड नसतं. जड होता तो तिचा राग, आणि तो पृथ्वीवर असता तेवढाच इथेही होता.

ती अंतरपथावरची यानचालक होती आणि तिच्या नावावर वेगभंगाचं एक जुनं चलान पडून होतं. चलानाचा निकाल लागेना म्हणून परवाना निलंबित, आणि परवाना नाही म्हणून ही बाई धक्क्यावर दुसऱ्यांच्या यानांत माल चढवत होती. एके काळी ती दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जाऊन आली होती, हे धक्क्यावर कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. दर वर्षी सुनावणीचं बोलावणं यायचं आणि ती ते न उघडता पुसून टाकायची. ज्या वेगापायी आपलं घर बुडालं त्याचा हिशेब कार्यालयाला काय म्हणून द्यायचा, असा तिचा खाक्या होता.

आज ती आपल्या पायांनी आली, कारण 'मेघना' नावाचं मालयान चालक शोधत होतं आणि ते ध्रुवपेठेला निघालं होतं. ध्रुवपेठ म्हणजे माणसांची सगळ्यात लांबची वस्ती. तिचा नवरा अच्युत एका संशोधन यानावर निघून गेला होता. असली यानं कुठे जातात ते जाहीर करत नाहीत. पण त्यांची खबर लागलीच तर ध्रुवपेठेला लागते. शरयूला तो हवा होता. भांडायला हवा होता की नुसता डोळे भरून बघायला, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं.

कालमापन अधिकारी डॉ. घैसास खिडकीपाशी चहा घेत बसले होते. पेठ म्हटली की दुपारी बंद, हा जुना विनोद त्यांना ठाऊक होता आणि चंद्रावरची दुपार आठवडाभर चालते हेही ठाऊक होतं. त्यामुळे ते बिचारे कधीच दार लावत नसत.

"शरयू बेडेकर," त्यांनी नाव न विचारताच म्हटलं. "बसा. या खुर्चीत तुमचे यजमान बसले होते."

हे तिला नवीन होतं. ती बसली नाही. गुन्हा कबूल आहे, लिहून घ्या आणि परवाना मोकळा करा, एवढंच तिनं सांगितलं. घैसास म्हणाले की कबूल केलंत तर परवाना आजच मोकळा होईल, सात वर्षांचं निलंबन भोगून झालं म्हणून धरता येईल. 'मेघना' सुद्धा मिळेल. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं. वेग का वाढवला?

खरं उत्तर अगदी साधं होतं. ध्रुवपेठेहून परत फिरताना तिला घरची ओढ लागली होती. अंतरपथावर मर्यादा आखलेली असते, कारण त्यापुढे धुळीचा कणही यानाला गोळीसारखा लागतो. तिनं मर्यादा ओलांडली आणि तशीच सुसाट आली. इथल्या घड्याळानं अडीच वर्षं लवकर पोचली.

"आणि तुमच्या घड्याळानं?" घैसासांनी विचारलं.

"मला शिकवू नका साहेब. कालमंदन मला झोपेतही येतं." तिनं तरीही सांगितलं, कारण उत्तर अडवून धरणं तिच्या स्वभावात नव्हतं. यान प्रकाशाच्या वेगाच्या जितकं जवळ, तितकं त्यातलं घड्याळ मंद. घड्याळच नव्हे, केस, नखं, हाडं, सगळंच. लग्नात दोघं एकाच वयाची होती. ध्रुवपेठेची फेरी करून ती परतली तेव्हा अच्युतपेक्षा पाच वर्षांनी लहान झाली होती. मर्यादेत राहिली असती तर चारच वर्षांनी झाली असती. लवकर भेटायचं म्हणून वेग वाढवला आणि त्याच वेगानं तिला त्याच्यापासून आणखी एक वर्ष लांब नेलं.

"आता चलानाचं बघा. पहारा चौकीनं तुम्हाला ध्रुवपेठेपाशीच टिपलं. चलान निघालं प्रकाशाच्या वेगानं. तुम्ही कितीही पळा, ते तुमच्या पुढेच राहणार."

"म्हणजे ते माझ्या आधी घरी पोचलं."

"दीड वर्ष आधी. चालक हजर नसेल तर घरच्यांनी यायचं, असा नियम आहे. तुमचे यजमान ते चलान घेऊन आले आणि हसत होते हो. म्हणाले, बायकोनं आजवर प्रेमपत्र म्हणून लिहिलं नाही. हे पहिलंच, आणि तेही सरकारी."

शरयू खाली बसली.

सोळा वर्षं तो एकटा होता, हे तिनं कितीतरी रात्री स्वतःला सांगितलं होतं. त्याचा राग समजण्यासारखा आहे, असंही सांगून झालं होतं. तिची एक सवय होती. मंगळाला निघो की शनीला, अच्युतनं दारात "कधी येशील?" विचारलं की ती म्हणायची, "परवा." तोही ठरलेला प्रश्न विचारायचा, "कुणाच्या घड्याळातला?" ध्रुवपेठेला निघतानाही ती परवाच म्हणाली होती आणि त्या वेळी त्यानं काही विचारलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तिला त्याचा एक निरोप मिळाला होता. धावत्या यानापर्यंत निरोप पोचवायला ऊर्जा इतकी लागते, की चालकाच्या घरच्यांना एकच शब्द पाठवता येतो. अच्युतनं पाठवलं, "परवा." त्या काळोखात ती एकटीच खुदकन हसली होती. बघा, चिडवतोय मेला, वाट बघतोय. मग ती घरी आली तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, अच्युतभाऊ केव्हाच गेले, यानावर गेले. त्या क्षणी त्या शब्दानं तोंड फिरवलं. मराठीतला परवा असाच आहे, उद्याच्या पलीकडेही बसतो आणि कालच्या मागेही. क्रियापद सोबत नसेल तर त्याचा काही नेम नाही. तिला वाटलं, त्यानं क्रियापद गिळलं आणि ते 'गेलो' होतं. परवापर्यंत होतो, आता नाही. तुझा परवा काही आला नाही, आता हा माझा घे.

"त्यांनी मला एकच विचारलं," घैसास सांगत होते. "निलंबन कुणाच्या घड्याळानं मोजता? मी म्हटलं, जमिनीच्या. मग विचारलं, निलंबित चालकाला प्रवासी म्हणून तरी उडता येतं का? म्हटलं, नाही, जमीन सोडता येत नाही. आणि चलानावर हरकत घेतली तर? म्हटलं, हरकत घेणारा हजर होईपर्यंत निलंबन चालूच. आणि चालकानं स्वतः कबुली दिली तर प्रश्नच मिटला. यावर त्यांनी इथेच बसून स्वतःच्या नावानं हरकत नोंदवली."

शरयू हिशेब करू लागली. तिला कागद लागत नसे. संशोधन यानांना मर्यादा नसते. त्या वेगात इथली दहा वर्षं म्हणजे आतली सहा. तो वर मंद गतीनं म्हातारा होणार, ती खाली नेहमीच्या गतीनं. पाच वर्षांची तफावत दर वर्षी थोडी थोडी भरत येणार. ती जमिनीवर राहिली, तरच.

"साडेबारा वर्षं. त्यातलं दीड मी येण्याआधीच सरलं," ती म्हणाली. "मी आल्यापासून अकरा."

"त्यातली सात झाली. त्यांचं यान केव्हाच मागे वळलंय. तुम्ही 'मेघना' घेतलीत तर वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडाल, आणि दोघांनाही कळणार नाही. ते उतरतील तेव्हा तुम्ही नसाल. परत याल तेव्हा पुन्हा तुम्हीच लहान."

"मला विचारलं नाही त्यानं." तिचा आवाज चढला. "माझी अकरा वर्षं त्यानं परस्पर ठरवली. मी त्या धक्क्यावर पोती उचलली, साहेब. त्यानं मला टाकलं असं समजून उचलली."

"विचारायला एकच शब्द होता त्यांच्याकडे," घैसास म्हणाले. "आणि बाकीचं सांगायला मी होतो. दर वर्षी बोलावलं. तुम्ही उघडलंत का?"

खिडकीच्या काचेत तिला आपलं प्रतिबिंब दिसलं. कानशिलापाशी केस पांढरे झाले होते. गेली सात वर्षं ती त्यांच्याकडे आपल्या फुकट गेलेल्या आयुष्याची खूण म्हणून बघत आली होती. आणि तिकडे कुठेतरी यानात एक माणूस या एकेका केसाची वाट बघत बसला होता. तिला रडू आलं, आणि तिनं ते आवरलं नाही. अच्युतची इतकी आठवण तिला त्या कुलपासमोरही आली नव्हती.

घैसासांनी चहाचा दुसरा कप तिच्यापुढे सरकवला. मग ते कामाला लागले. 'मेघना' तासाभरात चालक ठरवणार होती. कबुली लिहून घ्यायची का?

"नको," ती म्हणाली. "हरकत राहू दे."

"मग हे प्रकरण पुढे ढकलावं लागेल. सुनावणीची तारीख द्या."

शरयूनं पदरानं डोळे पुसले.

"परवाची द्या."

इतकी वर्षं काळ मोजणाऱ्या त्या माणसानं लेखणी हातातच धरली आणि गंभीरपणे विचारलं, "कुणाच्या घड्याळातला?"

"आमच्या," शरयू म्हणाली, आणि धक्क्यावरच्या पाळीला उशीर होईल म्हणून उठली.