दोन गळक्या नळ्यांमधलं अंतर

यंत्राखालून बाहेर आलेल्या पायांना ती अडखळली, आणि यंत्राखालूनच कुणीतरी म्हणालं, "माफ करा."

तो कारखान्यातला फिटर. ती तपासणी विभागात नुकतीच रुजू झालेली. इथे सलाईनच्या नळ्या बनत. गळकी नळी इतकी क्वचित निघे, की रोजची मोजणी शून्यच यायची. म्हणून ती निराळाच आलेख काढायची — एक गळकी नळी निघाल्यापासून पुढची निघेपर्यंत किती वेळ गेला, त्याचा. सगळे तिला चेष्टेने ‘आलेखबाई’ म्हणत. फिटर मात्र चहाच्या सुट्टीत शेजारी बसून तो आलेख समजून घ्यायचा. हल्ली त्याला समजायला जरा जास्तच वेळ लागत होता...

मग दोन गळक्या नळ्यांमधलं ते अंतर घटू लागलं. ठिपके खाली, आणखी खाली... आणि एका दुपारी आलेखावरच्या धोक्याच्या रेषेच्याही खाली. तिने यंत्र थांबवायला सांगितलं. माल न्यायला ट्रक दारात उभा होता. साहेब तापले, इतक्या चांगल्या मालात हिला खोट दिसते तरी कुठे, असं सगळ्यांसमोर विचारलं. तिला दवाखान्यातले वडील आठवले, त्यांच्या हाताला लावलेली तसलीच नळी आठवली. ती जागची हलली नाही.

फिटरने यंत्र उघडलं. काहीच सापडलं नाही.

साहेब पुन्हा तिच्याकडे वळले, तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, यंत्राचा आवाज मलाही वेगळा वाटला."

बोलणी त्यानेही खाल्ली. मग एकेक भाग सुटा करत बसला. शेवटी नळी चिकटवणाऱ्या जबड्यात केसाएवढी चीर सापडली. साहेबांनी बॅटरी मारून ती बराच वेळ पाहिली, आणि ट्रक रिकामा परत पाठवला.

संध्याकाळी बसथांब्यावर तिने विचारलं, "आवाज खरंच वेगळा होता?"

"नाही."

"मग खोटं का बोललात?"

तो पाना धरून धरून काळवंडलेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिला. "तुम्ही एकट्या उभ्या होतात... मला बघवेना."

भुरभुर पाऊस सुरू झाला होता. तिने छत्री उघडली, त्याच्याही डोक्यावर धरली.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली.

"हे मीच म्हणणार होतो," तो गडबडला. "म्हणजे... रोजच म्हणणार होतो."

ती हसली. समोरून बस आली. दोघांनीही ती पाहिली — आणि कुणीच हात केला नाही.