पलीकडची मूठ

कंदील बारीक करा, विझवू मात्र नका. ज्याच्या हाताखाली मी झाडं कापायला शिकलो, त्या थोरल्याची ही गोष्ट. माणूस थापाड्या नव्हता, बोलायलाच महाग.

तेव्हा दरीत वीज नव्हती. थोरला आणि धाकटा, सख्खे भाऊ, दोन मुठींच्या करवतीनं झाडं कापायचे. सुट्टीला त्याच करवतीनं शर्यती लागायच्या आणि हेच दोघं जिंकायचे. धाकटा डावखुरा. खोड अर्धं कापून झालं की थांबायचा, तळहातावर थुंकायचा आणि म्हणायचा, "दादा, दम खा."

एके दिवशी ओढ्यावरचा पूल वाहून गेला, त्याच्यासकट धाकटाही. आदल्याच संध्याकाळी त्यानं करवतीला आपल्या बाजूची नवी मूठ तासून बसवली होती. पांढरीफेक. तिला कामाचा हात लागायचा राहिलाच.

त्यानंतर आठवी रात्र, अमावस्येची. साडेअकराला धाकट्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. मूल आडवं, सुईण ओढ्यापलीकडे.

"काठावरचं झाड ओढ्यावर आडवं पाडतो," थोरला आईला म्हणाला.

"एकटा? दुपार होईल रे! तोवर पोरगी राहते का?"

तो करवत आणि कंदील घेऊन निघाला.

एकट्यानं कापायचं तर पलीकडची मूठ काढून ठेवायची, हा आमच्या धंद्यातला नेम. थोरला विसरला. त्या आठवड्यात तो जेवायलाही विसरायचा.

करवत जड चालत होती. मग हलकी झाली.

तो ओढायचा. सोडायचा. पलीकडून ओढली जायची...

"त्यांनी कंदील वर नाही केला?"

नाही. मला म्हणाला, "भीती नाही वाटली रे. काहीच वाटत नव्हतं. हात चालत होते, एवढंच."

खोड अर्धं झालं. करवत थांबली.

अंधारात कुणीतरी तळहातावर थुंकलं...

थोरला उभा राहिला. दम खाल्ला.

मग करवत पुन्हा चालू.

पहाटे झाड पडलं. सुईण आली. मूल वाचलं, आईही वाचली.

उजाडल्यावर थोरला करवत पुसायला बसला. नवी मूठ काळी पडली होती, वीस वर्षं वापरल्यासारखी गुळगुळीत. अंगठ्याच्या जागी खळगा. तेव्हा कुठं त्याला रडू आलं.

मरताना ती त्यानं मला दिली. ही बघ. धर.

अं हं... उजव्या हातात नाही बसायची.